लहान पोरांसाठी जिमनॅस्टिक्सचा क्लास कसा निवडायचा? नागपूरच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही तिला जिमनॅस्टिक्सला टाकलं, आता ती नऊची आहे. मधे एक क्लास चुकला, दुसरा जमला. तेव्हापासून शाळेच्या गेटवर, सोसायटीत, कोणाच्या लग्नात, जो भेटतो तो विचारतो की ताई कुठे टाकली, आम्ही कुठे टाकू. कोणाला क्लासचं नाव सांगून उपयोग नाही, कारण बेसाला राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा आणि जरीपटक्याला राहणाऱ्याचा वेगळा, आणि कोचही बदलत राहतात. म्हणून नाव न सांगता काय बघायचं तेवढं इथे लिहून ठेवते.

किती वर्षांचं झालं की टाकायचं?

पाच-सहा वर्षं हे वय चांगलं. तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी पण क्लास असतात, पण तिथे लोळणं, लटकणं, रांगणं, उड्या मारणं एवढंच व्हायला पाहिजे, आणि ते व्हायलाच पाहिजे, कारण या वयात पोराला दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपली पोरं फ्लॅटमध्ये मोबाईल घेऊन बसलेली असतात. पण चार वर्षांच्या पोराला कोणी स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय सरळ पसरून जमिनीला टेकेपर्यंत बसणं, करायला लावून राहिलं असेल तर उठून घरी या.

आणि "उशीर झाला का हो" म्हणून जीव काढणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय सिनियर स्पर्धेत उतरायला मुलीला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात आणि मुलाला १८. आठव्या वर्षी सुरू केलं तरी काही बिघडत नाही, आणि आपल्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव पोरांना ऑलिम्पिकला जायचंच नाही, त्यांना अंग मोकळं आणि मन धीट व्हायला पाहिजे.

क्लास बघायला गेलो तर पहिले काय बघायचं?

पडायला शिकवतात का, ते बघा. ट्रॉफीचं कपाट, भिंतीवरचे फोटो, इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ हे सगळं नंतर.

जिमनॅस्टिक्समध्ये पोरगं पडणारच आहे, रोज पडणार आहे, त्यामुळे चांगल्या ठिकाणी पहिले काही आठवडे पडण्यातच जातात. लहान पोर तोल गेला की हात मागे किंवा बाजूला ताठ टेकवतं आणि सगळं वजन कोपरावर येतं. पाच ते सात वर्षांच्या पोरांमध्ये कोपराच्या वरचं हाड मोडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं ते याच्यामुळेच, कोणत्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा. म्हणून कोच काय शिकवतो की खाली येताना गुडघे वाकव, हात समोर ठेव, मागे पडलीस तर हनुवटी छातीला लाव आणि पाठीवर गोल होऊन लोळ, हात मागे टेकवू नको.

आमच्या दुसऱ्या क्लासच्या मॅडमनी तीन आठवडे माझ्या मुलीला वीतभर उंच खोक्यावरून उडी मारायला लावली, बाकी काही नाही. "घुटने मोडो, हाथ सामने, रुको." उडी मारायची आणि मनात तीन मोजेपर्यंत पाय हलवायचा नाही, हलला तर परत. मी बाहेर बसून बघायची आणि मनात म्हणायची की एवढी फी भरून हे काय करून राहिले, कार्टव्हील (हातांवरून बाजूने चाकासारखं फिरणं) कधी शिकवणार. मग एकदा धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कमध्ये ती झोपाळ्यावरून मागच्या मागे गेली आणि माझ्या डोळ्यासमोर हनुवटी आत घेऊन गोल लोळली, उठली, फ्रॉक झटकला आणि परत झोपाळ्याच्या लायनीत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी मला मॅडमचे तीन आठवडे समजले.

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा पूर्ण एक तास बसा, दहा मिनिटं नाही. कोणतंतरी पोर पडेलच. ते पडल्यावर कोच काय करतो, बाकीची पोरं हसतात का, हसली तर कोच त्यांना थांबवतो का, पडलेलं पोर परत लगेच उभं राहतं की कोपऱ्यात जाऊन बसतं, याच्यातून तुम्हाला त्या जागेबद्दल जेवढं कळेल तेवढं रिसेप्शनवरच्या बाईंकडून कळणार नाही.

आत बसूच देत नाहीत, "पोरांचं लक्ष जातं" म्हणतात. मग?

लक्ष जातं हे खरं आहे. माझी मुलगी मी दिसली की दर दोन मिनिटांनी हात हलवायची. त्यामुळे रोज आत बसायची परवानगी नसेल तर ठीक आहे, पण काच असावी, जाळी असावी, दार उघडं असावं, किंवा महिन्यातून एक दिवस बघू द्यावं. "कधीच बघायचं नाही, दार बंद" असं उत्तर आलं तर तिथे टाकू नका. याच्यात मी काही ऐकून घेणार नाही.

कोचचं शिक्षण काय पाहिजे? मला तर काही कळत नाही त्यातलं.

विचारायला लाजू नका, आपण पोर त्यांच्या हातात देऊन राहिलो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे लोक ज्याला एनआयएस म्हणतात, त्याचा जिमनॅस्टिक्सचा डिप्लोमा असेल तर उत्तम. तिथला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स पण असतो, तो डिप्लोमापेक्षा खूप छोटा, म्हणून "एनआयएस केलंय" म्हटलं तर कोणतं ते विचारा. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, त्यात सगळेच खेळ येतात, खास जिमनॅस्टिक्स नाही. आपल्याकडे अमरावती जवळ आहे, तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे आणि तिथे शिकलेले शिक्षक विदर्भात सगळीकडे भेटतात, त्यांची जमिनीवरच्या कसरतींची बैठक पक्की असते असा माझा अनुभव.

पण कागद एवढंच सांगतो की माणूस शिकला. तो लहान पोरांना शिकवू शकतो का हे वेगळं. नॅशनल खेळलेला कोच पाच वर्षांच्या पोरांसमोर पार गोंधळून गेलेला मी पाहिला आहे आणि साधी बी.पी.एड. केलेली मुलगी वीस मिनिटांत रडणाऱ्या पोराला बारवर लटकवून हसवताना पण पाहिली आहे. प्रथमोपचार येतो का, बर्फ कुठे ठेवता, जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे तीन प्रश्न नक्की विचारा. उत्तर पटकन आलं पाहिजे, "तसं कधी झालंच नाही आमच्याकडे" हे उत्तर नाही.

आणि कोच तोंडात तंबाखूचा खर्रा धरून शिकवत असेल तर तिथून निघा.

एका कोचकडे किती पोरं चालतात?

पाच-सहा वर्षांची असतील तर सहा ते आठ. त्याच्यावर गेलं की पोरं लायनीत उभी राहतात, आणि लायनीत उभं राहायला कोणी फी भरत नाही. घड्याळ लावून बघा, तुमच्यासमोरचं एक पोर एका तासात किती वेळ खरोखर हालचाल करतं. मी पहिल्या क्लासमध्ये हे मोजलं नाही ही माझी चूक, नंतर कळलं की बावीस पोरं आणि एक सर होते, आणि माझी मुलगी तासातली चाळीस मिनिटं भिंतीला टेकून बसलेली असायची. चांगला कोच एक पोर बीमवर, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या अरुंद लाकडी पट्टीवर, असताना बाकीच्यांना खाली टेपच्या पट्टीवर चालायला लावतो, कोणी लोळतंय, कोणी लटकतंय, सगळं एकाच वेळी चालू.

हॉल आणि सामान कसं असायला पाहिजे?

मोठं आणि चकचकीत असायलाच पाहिजे असं नाही. आपली जिमनॅस्ट दीपा कर्माकर आगरतळ्यात शिकली तेव्हा तिच्या सरांनी, विश्वेश्वर नंदींनी, जुन्या स्कूटरच्या पार्ट्सपासून सामान उभं केलं होतं, आणि ती मुलगी २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून उडी मारायचा प्रकार) चौथी आली, ब्राँझ ०.१५० गुणांनी हुकलं. सहाव्या वर्षी सुरू केलं तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. तेव्हा सामान साधं असलं तर चालतं, पण असुरक्षित असलेलं चालत नाही.

काय बघायचं सांगते. मॅट हाताने दाबा, बोट खालच्या फरशीला लागत असेल तर ती मॅट संपलेली आहे. दोन मॅटच्या मधे फट असेल तर पोराचा पाय त्यात जाऊन घोटा मुरगळतो, आमच्याकडे एका मुलीचा असाच गेला. बारच्या, बीमच्या लोखंडी पायांना पॅड लावलेलं पाहिजे. खरी बीम १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब आणि सव्वा मीटर उंच असते, म्हणजे पाच वर्षांच्या पोराच्या डोक्याच्याही वर, तर लहान पोरांसाठी जमिनीला लागून असलेली किंवा गुडघ्याएवढी बीम आहे का ते विचारा. फक्त मोठी बीम असेल आणि तिच्यावर लहानग्यांना चढवून फोटो काढत असतील तर तो फोटो गिऱ्हाइकासाठी आहे.

फोमचा खड्डा दिसला की पोरं वेडी होतात. त्यात डोक्यावर उडी मारू देत नाहीत ना, एकावेळी एकच पोर ना, आणि फोमचे तुकडे दबून खाली बसले की परत मोकळे करतात का, साफ कधी करतात, हे विचारायचं. ट्रॅम्पोलिनचंही तसंच, एकावेळी एकच. बहुतेक इजा एकापेक्षा जास्त जण एकदम उड्या मारताना होतात, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सहा वर्षांखालच्या पोरांना ट्रॅम्पोलिन नकोच म्हणते. मॉलमधल्या ट्रॅम्पोलिन पार्कला जिमनॅस्टिक्स समजू नका.

पावसाळ्यात एकदा परत जाऊन वास घ्या, खरंच. ओल धरलेली मॅट कुबट वास मारते आणि पोरांच्या अंगावर गजकर्ण उठतं.

स्ट्रेचिंगला पोरगी रडते. कोच म्हणतात थोडं दुखलं तरच लवचिक होईल. खरं आहे का?

नाही. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मुलीवर हे झालं.

पहिला क्लास घराजवळचा होता, टिनाचं शेड, पालकांना आत प्रवेश नाही. सर मोठ्या मुलींना स्पर्धेला नेत असत, भिंतभर सर्टिफिकेटं, म्हणून आम्हाला वाटलं चांगलंच असणार. दुसऱ्या महिन्यापासून माझी मुलगी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चार वाजले की पोट दुखतं म्हणायची. मी तिला ओवा दिला, जंताचं औषध दिलं, डॉक्टरकडे नेऊन आणलं. बुधवारी पोट दुखत नव्हतं हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. मग एका गुरुवारी मी क्लास सुटायच्या अर्धा तास आधी गेले, शेडच्या फटीतून बघितलं तर सर स्प्लिटमध्ये बसलेल्या एका मुलीच्या खांद्यावर दोन्ही हातांनी वजन टाकून तिला खाली दाबून राहिले होते आणि मोठमोठ्याने अंक मोजत होते, आणि माझी मुलगी तिच्या पुढच्या नंबरावर, स्वतःचे गुडघे पकडून. मी आत गेले आणि तिला घेऊन आले. तीन महिन्यांची फी गेली ती गेली.

तर फरक असा आहे. ताण बसणं म्हणजे मांडीच्या मागे ओढल्यासारखं वाटतं, पोर तोंड वाकडं करतं पण बोलू शकतं, श्वास घेऊ शकतं आणि स्वतः थांबू शकतं. हे चालतं. दुसऱ्याने वजन टाकून खाली दाबणं चालत नाही, त्यात मांडीचा स्नायू फाटू शकतो, स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथली कोवळी जागा ओढली जाऊ शकते. कोच फक्त हात ठेवून दिशा दाखवतो, किती खाली जायचं ते पोर स्वतः ठरवतं.

सगळ्यात जास्त भीती मागे वाकण्याची बाळगा. ब्रिज, चक्रासन, उभ्याने मागे जाणं, हे सगळं हळूहळू, उताराच्या मॅटवर, कोचचा हात पाठीखाली असताना आणि खांदे मोकळे झाल्यावर. चीनमध्ये डान्स क्लासमध्ये असं मागे वाकताना लहान मुलींच्या मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडल्याच्या केसेस तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, बहुतेक मुली दहा वर्षांच्या आतल्या, आणि अनेकींच्या एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलंही नव्हतं. मागे वाकल्यावर पोर म्हणालं की पाठीत चमक आली, पाय जड झाले, मुंग्या येऊन राहिल्या, तर "थोडं झोप, बरं वाटेल" नाही, ताबडतोब हॉस्पिटल.

उंची खुंटते का?

नाही. टीव्हीवर अमेरिकेची जिमनॅस्ट सिमोन बाइल्स दिसते, तिची उंची १४२ सेंटिमीटर, म्हणून लोकांना वाटतं की खेळामुळे ती बुटकी राहिली. उलटं आहे, छोट्या चणीचं शरीर हवेत पटकन फिरतं म्हणून तशीच मुलं वरपर्यंत टिकतात. आठवड्याला तीन-चार तासांच्या क्लासने उंचीला काही होत नाही. मनगट मात्र सांभाळायचं, हाडाच्या टोकाशी वाढीची जागा असते आणि हातांवर सतत वजन आलं की तिथे दुखतं. मनगट दुखतं म्हणाली की आठवडाभर हातावरचं काम बंद.

आर्टिस्टिक, रिदमिक… कोणतं घ्यायचं?

आर्टिस्टिकमध्ये मुलींना चार प्रकार असतात, व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर, मुलांना सहा. रिदमिक म्हणजे हूप, बॉल, क्लब, रिबन घेऊन संगीतावर. सात वर्षांपर्यंत हा प्रश्नच नाही, पाया एकच असतो. पण क्लासवाल्यांना विचारा की तुम्ही काय शिकवता, कारण बोर्डावर जिमनॅस्टिक्स लिहिलेलं असतं आणि आत गेलं की डान्स, योगा आणि थोड्या कोलांट्या असं काहीतरी मिसळलेलं असतं. तेही वाईट नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

मुलाला टाकलं तर लोक हसतात.

हसू द्या. आशिष कुमारने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये व्हॉल्टला सिल्व्हर आणि फ्लोअरला ब्राँझ आणलं, भारताला जिमनॅस्टिक्समधलं कॉमनवेल्थचं पहिलं मेडल देणारा मुलगाच होता. रिंग्जवर लटकणारा माणूस एकदा यूट्यूबवर घरच्या आजोबांना दाखवा, ते स्वतः नातवाला सोडायला येतील.

नागपूरच्या उन्हाळ्यात क्लास चालू ठेवायचा का?

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या शेडखाली भट्टी होते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरची बॅच असेल तरच. मधे पाणी प्यायला सुट्टी देतात का ते बघा, "पाणी प्यायलं की पोट दुखतं" म्हणून तासभर पाणी न देणारे कोच अजून आहेत. कूलर असेल तर तो कुठे लावला आहे बघा, मोठ्या कूलरसमोरची मॅट ओलसर होते आणि त्यावर पाय सरकतो. घरून पन्हं किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी द्या. पोर लाल झालं, घाम येणं थांबलं, चक्कर म्हणालं तर लगेच सावलीत घेऊन अंग ओलं करा आणि डॉक्टरकडे न्या.

समर कॅम्पला टाकून बघू का आधी?

टाका, पण समर कॅम्पवरून क्लास कसा आहे ते ठरवू नका. एप्रिल-मेमध्ये गर्दी दुप्पट होते, मदतीला कॉलेजची पोरं घेतलेली असतात, शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम असतो म्हणून घाईघाईत कार्टव्हील बसवतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात, त्यानंतर जुलैमध्ये जाऊन बघा, तेव्हा जे आहे ते खरं.

लांबचा चांगला की जवळचा साधा?

जवळचा साधा, पण सुरक्षित असेल तरच. मनीषनगरहून संध्याकाळी सहा वाजता सदरला जाऊन दाखवा, पोर पोहोचेपर्यंत गाडीवर झोपलेलं असतं आणि झोपेतून उठलेलं पोर बीमवर चढतं. मेट्रोच्या लाईनवर असेल तर वेगळी गोष्ट, वर्धा रोडवाल्यांना ते सोयीचं पडतं. माझा हिशोब असा की एका बाजूने पंचवीस मिनिटांच्या वर लागत असेल तर सहा महिन्यांत क्लास सुटतो. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात आणि तुमच्या भागातल्या जुन्या व्यायामशाळांमध्ये एकदा चौकशी करा, सध्या काय चालू आहे, कोण शिकवतं. पाटी नसलेले चांगले शिक्षक अशाच ठिकाणी भेटतात.

मल्लखांब चालेल का त्याऐवजी?

का नाही चालणार! आपलाच खेळ आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी त्याला रूप दिलं. पकड, पोट, खांदे यांना मल्लखांबासारखं दुसरं काही नाही आणि बहुतेक ठिकाणी खर्चही कमी. मुली पूर्वी दोरीचाच करायच्या, आता पुरलेल्या खांबावर पण करतात. बघायचं तेच, खाली गादी आहे का, आणि उतरायला शिकवतात का. चढणं पोरं आपोआप शिकतात.

फीबद्दल काय विचारायचं?

महिन्याची किती, ॲडमिशनची वेगळी आहे का, ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो का, स्पर्धेचा खर्च कोणाचा, आजारी पडली तर दिवस भरून देतात का, मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का. आणि वर्षाची फी एकदम भरून "डिस्काउंट" घेऊ नका, पहिले एकच महिना भरा. मी तीन महिन्यांची भरली होती आणि त्या पैशांसाठी मी मनातल्या मनात मुलीचं पोटदुखणं तीन आठवडे जास्त सहन करायला लावलं, हे मला अजून बोचतं.

कोच हात लावतात. कोणतं ठीक आणि कोणतं नाही?

सपोर्ट दिल्याशिवाय हा खेळ शिकवताच येत नाही, हात कमरेला, पाठीला, खांद्याला, मांडीला लागतो. चांगला कोच आधी सांगतो की मी इथे धरणार आहे, आणि सगळ्यांसमोर धरतो. मुलीला घरी सांगून ठेवा की हात कुठे लागतो, किती वेळ, आणि तुला विचित्र वाटलं तर सर असो की मॅडम, "नको" म्हणायचं आणि मला सांगायचं, मी रागावणार नाही. एकटीला थांबवून "एक्स्ट्रा प्रॅक्टिस", बंद खोलीत मालिश, पोराच्या मोबाईलवर मेसेज, कपडे बदलताना कोचने आत येणं, यातलं एक जरी दिसलं तरी पोर लगेच काढा. अमेरिकेत जिमनॅस्टिक्सच्या टीमचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत राहिला, मुली सांगत होत्या आणि मोठी माणसं ऐकत नव्हती, २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून जास्त जणींनी कोर्टात त्याच्यासमोर आपली गोष्ट मांडली. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, मुलाशी मुलीशी दोघांशी संबंधित, आणि असं काही कळल्यावर पोलिसांना सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

पोराला डाऊन सिंड्रोम आहे, चालेल का?

हो, खूप छान खुलतात पोरं. पण आधी डॉक्टरकडून मान तपासून घ्या. यातल्या काही पोरांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो आणि कोलांटीत मानेवर ताण आला तर धोका होतो. कोचला हे स्वतः सांगा आणि डॉक्टरची चिठ्ठी द्या. ज्या कोचने ती चिठ्ठी नीट वाचून दोन प्रश्न विचारले तो कोच चांगला.

स्पर्धेला कधी पाठवायचं? दहावीला मार्क मिळतात म्हणे.

शाळेच्या जिल्हा, विभाग, राज्य अशा स्पर्धा असतात, १४, १७, १९ वयोगट, आणि खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, तेही खरं. पण सहा वर्षांच्या पोराला मार्कांसाठी टाकू नका, बापा. पैसे भरले की सगळ्यांना मेडल देणाऱ्या "नॅशनल" नावाच्या स्पर्धा पण पुष्कळ झाल्या आहेत, कोणाची मान्यता आहे ते विचारून घ्या.

दोन क्लासनंतर "मला नको" म्हणून राहिली. जबरदस्ती करू का?

पहिले विचारा, काय नको. माझ्या मुलीला बारवर हात सोलायची भीती होती, तेवढंच. मॅडमनी आठवडाभर बार बंद ठेवला आणि परत सुरू केलं, झालं. पण ज्या दिवशी क्लास त्याच दिवशी पोट, डोकं, पाय दुखत असेल तर तो नखरा समजू नका, माझ्यासारखं ओवा देत बसू नका. न सांगता लवकर जाऊन बघा.

ट्रायलच्या दिवशी काय न्यायचं?

अंगाला लागून बसणारे कपडे, टी-शर्ट सैल असेल तर उलटं झाल्यावर तोंडावर येतो. केस घट्ट बांधा, पण धातूची क्लिप नको, लोळताना डोक्यात रुततात, साधं रबर लावा. कानातले, चेन, पैंजण, हातातला काळा दोरा सगळं घरी काढून ठेवा. नखं कापा. अनवाणीच करायचं असतं, सॉक्स घातले तर घसरतात. दीड-दोन तास आधी खाऊ घाला, तर्री पोहे नको, केळं द्या. पाण्याची बाटली. आणि तुम्ही स्वतः बसायला वेळ काढून जा, पूर्ण तास. फोन पर्समध्ये ठेवा.

घरी येताना गाडीवर "काय काय शिकलीस" विचारू नका, "आज कोण पडलं ग?" विचारा. माझी मुलगी अजूनही चौकातल्या सिग्नलपासून घराच्या गेटपर्यंत तेवढंच सांगत येते, कोण पडलं, कसं पडलं, आणि मॅडम काय म्हणाल्या.